तात्पुरता फरक

३ सप्टेंबर

आलो एकदाचे. ट्रकवाल्यानं कपाटाचा पाय मोडला, आरशाला तडा घातला आणि वर हसत हसत चहापाण्याचे पैसे मागितले. पण घर पाहिलं आणि मी त्या गाढवालाही माफ केलं. कंपनीचं घर, भाडं शून्य. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे अंगण, कपडे वाळत घालायला दोन खांब. सरकारनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कंबरेवर हात ठेवून सगळं घर फिरून पाहिलं आणि पाळणा कुठे टांगायचा तेही ठरवून टाकलं. पाचवा महिना सरत आलाय. चालते अशी की जणू राज्यच जिंकलंय.

ही वही तिचीच कल्पना. दिवसभर लोकांना नावं ठेवता आणि संध्याकाळी ती सगळी माझ्या कानात ओतता, माझे कान किटले, शिवाय बाळाला पोटात ऐकू येतं म्हणतात, तेव्हा आता वहीत ओता, असं तिचं म्हणणं. बरं बाई. ओततो.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. मी लेखाविभागाचा प्रमुख, पण तूर्त कच्चा. वर्षअखेरीला, म्हणजे इथे डिसेंबरअखेर, काम पसंत पडलं तर पक्का, आणि पक्का झालो की बाळंतपणाचा सगळा खर्च कंपनीचा. पसंत न पडायला काय धाड भरलीय? वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात; मी तर लंगडाही नाही. आज मन खूश आहे.

९ सप्टेंबर

लेखाविभाग ही एक लांबट खोली आहे. एका टोकाला माझं टेबल, दुसऱ्या टोकाला पंखा, म्हणजे वारा मिळतो फक्त फायलींना. खिडकीतून भट्टीचं आवार दिसतं. भट्टी कधीच विझवत नाहीत, त्यामुळे त्या बाजूची भिंत सदा कोमट.

माणसं दोन. हेडक्लार्क नाना, यांना संगणकाच्या पडद्यावरचं पान उलटायला बोटाला थुंकी लावताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि रोखपाल बाई. पैसे मोजताना यांचे ओठ हलतात, आणि मोजत नसतानाही हलतात. अशा रत्नांच्या जोरावर हा कारखाना चालतो, म्हणजे बाटल्या आपोआपच होत असणार.

आज त्यांना डिफर्ड टॅक्स शिकवला. पालथ्या घड्यावर पाणी! अहो, साधी गोष्ट. नफा दोनदा मोजतात, एकदा कंपनीच्या हिशोबानं आणि एकदा करखात्याच्या नियमानं. एखादा खर्च कंपनी आजच धरते, करखातं म्हणतं पैसे माणसाच्या हातावर पडतील तेव्हा धरू. म्हणजे आज कर जास्त गेला, पुढे तेवढा कमी जाईल. हा तात्पुरता फरक. तो एक दिवस उलटतो आणि दोन्ही हिशोब पुन्हा जुळतात. तेव्हा जो कर वाचणार आहे तो आजच आपली मालमत्ता म्हणून दाखवायचा, हाच पुढे ढकललेला कर. जो फरक कधीच उलटायचा नाही तो कायमचा. त्यावर काही दाखवायचं नाही. झालं. शेंबडं पोरही समजेल.

बाईंनी बराच विचार करून विचारलं की, साहेब, फरक उलटतो तेव्हा येतो कुणाच्या अंगावर? मी म्हटलं, बाई, तो फरक आहे, बैल नाही.

२२ सप्टेंबर

मी म्हणत होतोच, या लोकांच्या हिशोबात काहीतरी अचाट सापडणार. सापडलं. कायमच्या फरकांमध्ये नानांनी एका माणसाची नोकरी सोडतानाची देणी घातलीत. देणी! दिली की करखातं ती मान्य करणार, म्हणजे हा सरळसरळ तात्पुरता फरक. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं लिहिलं तर त्याला वर्गाबाहेर काढतील.

नानांना विचारलं तर त्यांनी खुर्ची ओढून माझ्या कानाशी आणली. तोंडाला लवंगेचा वास. सांगू लागले की ही देणी आधीच्या साहेबांची, जे माझ्याच खुर्चीत बसत आणि माझ्याच घरात एकटे राहत. फार गोड माणूस, कुणाला कधी अरे म्हणाले नाहीत. मालकांशी बिनसलं आणि मालकांनी देणी अडकवली. तेव्हा त्यांनी या खोलीच्या मधोमध उभं राहून शांतपणे सांगितलं की माझं येणं वसूल केल्याशिवाय मी इथून जायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट भट्टीच्या कठड्याशी सापडले. बूटच फक्त.

त्यानंतर म्हणे भरदिवसा या खोलीत अनवाणी पावलं वाजायची. मग नानांनी आपल्या अकलेचे तारे तोडले. ती रक्कम कायमच्या फरकात टाकली, म्हणजे ती उलटायची नाही आणि ती घ्यायला कुणी यायचं नाही. आणि पावलं थांबली! हिशोबानं नव्हे, नाना, तुम्ही कानातला मळ काढला असेल त्यानं थांबली, असं मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. विनोद कळायलाही थोडं डोकं लागतं.

४ ऑक्टोबर

आज मालकांनी बोलावलं. मालक म्हणजे पोट आणि अंगठ्या. बँकेला नफा दाखवायचाय आणि तो कमी पडतोय. मी इकडचं तिकडचं बरंच सावरलं होतं, तरी थोडक्यासाठी अडत होतं. आधीच्या साहेबाची देणी तात्पुरत्या फरकात आणली की तेवढा डिफर्ड टॅक्स मालमत्तेत येतो आणि काम फत्ते. मालकांनी उठून माझा हात हातात घेतला. नोकरी पक्की झाली असंच समजा, म्हणाले.

अशी मालमत्ता दाखवायची तर नियमाप्रमाणे दोन गोष्टींची लेखी खात्री द्यावी लागते. मी झोकात लिहून सही ठोकली: सदर व्यक्ती वर्षअखेरपर्यंत येऊन आपलं येणं घेईल याची मला खात्री आहे, आणि ते भागवण्याइतकं आमच्यापाशी पुरेसं आहे याचीही मला खात्री आहे.

नानांनी माझं मनगट धरलं. चक्क धरलं! म्हणाले, साहेब, नियमानं तुमचंच बरोबर असेल, मी अडाणी, पण खात्री देऊ नका हो. मी हात झटकला. घरी येताना सरकारसाठी मोगऱ्याचं अत्तर आणलं. ती म्हणाली, आज सूर्य कुठून उगवला?

१६ ऑक्टोबर

हजेरीच्या यंत्रानं आज माझा अंगठा ओळखला नाही. वॉचमन म्हणतो की यात तुम्ही मघाशीच आलात असं दिसतंय. स्वस्तातलं यंत्र आणि फुकटातला वॉचमन, दोघांचं छान जमतं.

खुर्ची गरम होती. कुणी बसून उठल्यावर लागते तशी नव्हे, तव्यासारखी. भिंतीमुळे असणार. टेबल हलवायला सांगितलंय.

३० ऑक्टोबर

सरकार आज दारातच उभी, डोळे भरलेले. मी घाबरलो. तर म्हणे दुपारी तुम्ही फोन केलात, पाय सुजलेत का विचारलंत, जेवलीस का विचारलंत, लग्नाला इतकी वर्षं झाली पण असं कधी बोलला नव्हतात हो.

मी फोन केला नव्हता. मी तिला फोनवर किराण्याचे भाव विचारतो.

पण इतकी खूश होती की सांगवेना. श्रेय आपसूक पदरात पडत असेल तर नको कोण म्हणेल? ऑफिसातही तेच चाललंय. बाई दोन दिवस रजेवर होत्या. येऊन आभार मानू लागल्या की साहेब, तुम्ही किती प्रेमानं सोडलंत. मी? प्रेमानं? नानांनी खाली मान घातली आणि लवंग चघळत राहिले.

११ नोव्हेंबर

बँकेनं चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे. पहिल्यांदा मी बँकेला यथेच्छ शिव्या घातल्या. मग ही वही उघडून सप्टेंबरचं पान पाहिलं. माझं अक्षर ताठ असतं, पहिल्यापासून. ऑक्टोबरअखेरच्या ओळी उजवीकडे कलल्यात, शेवटच्या अक्षराला शेपटी आहे. मी शेपट्या काढत नाही. शेपट्या बावळट लोक काढतात.

नानांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले की हे आधीच्या साहेबांचं अक्षर आहे.

मग बराच वेळ समजावत होते. अजून वेळ आहे, मालकांकडे आणि ऑडिटरकडे जा, चुकलो म्हणा, खात्री मागे घ्या. अंगठा गेला, आवाज गेला, सही गेली, आता चेहऱ्यावर येईल ते.

चुकलो म्हणू? जिथे मी चुकलोच नाही? नोंद अगदी नियमाला धरून आहे. उद्या या थुंकीबहाद्दरासमोर मान खाली घालू, नोकरी कच्चीची कच्ची ठेवू, आणि बाळंतपणाचं बिल काय नानांच्या घरी पाठवू? वर्षअखेरीला पाहू. तूर्त पुढे ढकलू.

हे सगळं मी चिडून लिहितोय. खरं सांगायचं तर भीती वाटतेय.

२४ नोव्हेंबर

पाहिला.

सकाळचे अकरा, लख्ख ऊन, सगळे दिवे चालू. मी पाणी प्यायला उठलो आणि वळलो तर माझ्या खुर्चीत माझा शर्ट घातलेला माणूस पाठमोरा बसला होता. टेबलाखाली त्याचे पाय दिसत होते, अनवाणी. टाचा काचेसारख्या चकचकीत, पार पलीकडचं दिसेल अशा. रोखपाल बाई त्याच्यापुढे वाकून पगाराच्या पावत्या सह्यांना ठेवत होत्या आणि तो प्रत्येक सहीला त्यांना धन्यवाद म्हणत होता. माझ्या आवाजात.

मी ओरडलो. बाईंनी नुसतं खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की भट्टीची झळ फारच यायला लागली.

मी पळालो. हो, पळालो. मी.

३ डिसेंबर

विचार केला. मूर्खांसारखं रडत बसण्यापेक्षा विचार करावा. त्याला पैसे हवेत ना? घे. आमच्या बचतीतून, बाळासाठी ठेवलेल्यातून, मालकांनी बुडवलेली पै न् पै पाकिटात घातली आणि खुर्चीवर ठेवली. पावतीसुद्धा मागितली नाही.

पाकीट तसंच आहे. कडा जराशी करपलीय.

मी खात्रीत लिहिलं होतं की भागवण्याइतकं आमच्यापाशी आहे. काय आहे ते लिहिलं नव्हतं. पैसे असं लिहिलं नव्हतं. मी इतका हुशार, आणि एवढा एक शब्द

प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. हे मीच शिकवतो. एक माणूस या बाजूला आला की एक त्या बाजूला

६ डिसेंबर

मालकांकडे गेलो. चुकलो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, हात जोडून, मोठ्यानं. मालक अंगठ्या फिरवत फोनवर बोलत राहिले. मी खात्रीचा कागद पुढे केला, त्यावर माघार लिहिली, सही केली. शाई कागदावर उठलीच नाही.

मालक फोनवर कुणाला तरी सांगत होते की आमचे नवे साहेब म्हणजे हिरा आहे हिरा. सुरुवातीला जरा शिष्ट वाटले होते, पण आता माणूस सुधारला.

सुधारला!

१४ डिसेंबर

घरी दोन ताटं. तिसरं नाही. ती त्याला वाढते. तो म्हणतो, तू बस, मी घेतो. ती हसते. मी कितीतरी वर्षं हे हसणं ऐकलं नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोचं हसणं. मीच कधी

तिच्या कानाशी जाऊन हाक मारली. सरकार म्हणून. तिनं पदरानं वारा घेतला. म्हणाली, अहो, किती उकडतंय.

त्याचे पाय आता नुसते पाय आहेत. माझे — खाली पाहवत नाही.

२१ डिसेंबर

नानांना मी ऐकू येतो. फक्त नानांना. ते मान वर करत नाहीत.

म्हणाले की साहेब, आता खात्री मागे घेता येत नाही. पुन्हा कायमचा फरक लिहिला तर तुम्ही आज ज्या बाजूला आहात तिथेच कायमचे राहाल. नाही लिहिला तर वर्ष बंद होताना फरक पुरा उलटेल, मग तेवढेही उरणार नाही. सांगा, काय लिहू?

मी म्हटलं, मूर्खा, काहीतरी तिसरं लिही ना! ते रडले. मग त्यांना नवीन साहेबांनी हाक मारली. डोळे पुसून गेले. मला लाथ मारून गेले असते तरी बरं झालं असतं, मी त्यांना किती

माफ करा, नाना. हे त्यांना सांगायला हवं होतं. वहीत ओतून काय

२९ डिसेंबर

दवाखाना. बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. पेन्सिल धरवते, बाकी काही धरवत नाही.

मुलगी झाली. आईसारखं नाक. नर्स बाहेर आली, म्हणाली वडील कोण. मी उठलो. मी, मी वडील, म्हणालो — घसा फाटेस्तोवर. ती माझ्यातून चालत गेली. त्यानं दोन्ही हात पुढे केले. मानेखाली तळवा नीट धरला. मला ते सुचलं नसतं. मी आधी बिल पाहिलं असतं.

दारातून दिसतात तिघं. सरकार दमलीय. त्याच्याकडे बघते आहे — माझ्याकडे कधी अशी

पण मुलगी नाही बघत त्याच्याकडे. ती इकडे बघते. सरळ माझ्याकडे. मी डावीकडे सरकलो, तिचे डोळे डावीकडे आले. मी दिसतोय तिला. एकटीला. चिमणे, मी इथे आहे, अगं मीच तुझा

नर्स म्हणते की झळ येतेय बाळाच्या अंगावर, दार लावून घ्या. तो उठला. लावू नको, अरे, लावू नकोस, पाया पडतो — दारात पाय घालतो, पाय घातला की दार लागत ना